गार पडलेलं पिंप

जुलैमध्ये गवताची कापणी चालू असताना टोर्केल हाउगोला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. बाजू थोडीफार परत आली, म्हणजे काठी आणि बायकोचा खांदा मिळाला की तो खुर्चीपर्यंत पोचायचा. वाचेचं मात्र विचित्र झालं. सगळे शब्द गेले आणि एकच उरला, 'सोमवार'. भूक लागली की सोमवार, कॉफी गार झाली की सोमवार, कुत्रं दारात आडवं पडलं की सोमवार. हो म्हणायचं असलं तरी तेच आणि नाही म्हणायचं असलं तरी तेच. मान हलवायचा, पण तीसुद्धा कधी उलटीच हलायची.

"त्यांना आतून सगळं कळतंय," बर्गनच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोला, बोर्गहिल्डला सांगितलं होतं. "सांगायचं एक असतं आणि तोंडातून पडतं दुसरंच. तुम्ही धीर धरा."

बोर्गहिल्डने पाच महिने धीर धरला. सहा गाई, वीसेक मेंढ्या, चढावरची शेतं आणि खुर्चीतला नवरा, एवढं सगळं तिने चौसष्टाव्या वर्षी एकटीने रेटलं. नॉर्वेतल्या वॉसच्या त्या खोऱ्यात कुणी त्याचं कौतुक केलं नाही, कारण तिथे तसं करत नाहीत. बर्फ पडायला लागल्यापासून शेजारचा ओडमुंड तेवढा रोज सकाळी येऊन अंगणातला बर्फ ओढायचा, आणि मग कॉफी पीत अर्धा तास सल्ले द्यायचा.

डिसेंबर लागला तसा टोर्केल अस्वस्थ झाला. खिडकीतून अंगणापलीकडच्या चूलघराकडे बोट दाखवायचा आणि दर पाच मिनिटांनी सोमवार म्हणायचा. कशाबद्दल ते विचारायची गरज नव्हती. नाताळची बिअर. हाउगोंच्या घरी ती दरवर्षी त्या चूलघरात व्हायची, दाट, काळपट आणि इतकी कडक की दोन वाडगे प्यालेला माणूस तिसऱ्याला उठताना आधी टेबल धरायचा. यंदा तर नाताळच्या तिसऱ्या दिवशी टोर्केलला सत्तर वर्षं पूर्ण होत होती.

"दुकानातून आण ना, आई," मुलगी तूरिद बर्गनहून फोनवर म्हणाली. "बाबांना काय कळणार आहे?"

"त्याला सगळं कळतं. मलाच काही कळत नाही, ही अडचण आहे."

आणि ते खरं होतं. बेचाळीस वर्षांच्या संसारात बिअर करताना टोर्केलने तिला चूलघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. तसा तो वाईट माणूस नव्हता. बिअर हे हाउगोंच्या पुरुषांचं काम, एवढंच त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं, आणि मुलगा नव्हता म्हणून त्याने ते कुणालाच शिकवलं नाही. मापं लिहून ठेवली नव्हती. विचारलं तर हसायचा आणि ताकास तूर लागू द्यायचा नाही. बोर्गहिल्डच्या वाट्याला यायचं ते दुसऱ्या दिवशी बादल्या घासणं.

विरजण तेवढं घरात होतं. हो, विरजणच म्हणायचं त्याला. दही जसं आदल्या दह्यावर लागतं, तशी ही बिअर आदल्या बिअरच्या साक्यावर लागायची. टोर्केलचा आजा ते कुठूनसं घेऊन आला होता. दर नाताळनंतर टोर्केल पिंपाच्या तळाचा साका तागाच्या फडक्यावर पसरायचा, वाळवायचा, आणि घडी करून पिठाच्या पेटीत ठेवायचा. गेल्या वर्षीची घडी तिथेच होती. ती ह्या वर्षी वापरली नाही तर पुढच्या वर्षी जिवंत राहील की नाही, हे कुणी सांगू शकत नव्हतं. ज्याला सांगता आलं असतं तो सोमवार म्हणत होता.

"बरं," एका सकाळी ती म्हणाली. "करते. पण मध्ये मध्ये ओरडायचं नाही."

शनिवारी पहाटे गाईंचं दूध काढून झाल्यावर तिने चूलघरातली मोठी तांब्याची कढई पेटवली. ओडमुंड जुनिपरच्या झुडपाच्या वासाच्या फांद्या तोडून घेऊन आला. टोर्केलला खुर्चीसकट अंगणातून ओढत आणलं आणि चुलीजवळ बसवून गुडघ्यांवर लोकरीची जाड घोंगडी टाकली. फांद्यांच्या उकळत्या पाण्यात मोड आणून वाळवलेल्या जवाचा पन्नास किलो दळलेला माल्ट भिजला, त्यातून गोड रस निथळून आला, आणि तो रस चार तास कढईत आटत राहिला. इथवर बोर्गहिल्डला अवघड गेलं नाही. वासावरून तिला अंदाज येत होता. बेचाळीस नाताळ तो वास तिच्या नाकात भरला होता.

दुपारी रस पिंपात उतरवला. विरजण किती गरम असताना घालायचं हा प्रश्न आला, तेव्हा तिला उंबऱ्याबाहेरून पाहिलेलं एवढंच आठवलं की टोर्केल बाही वर करून कोपर बुडवायचा, लहान बाळाच्या आंघोळीचं पाणी पाहावं तसा. तिने तसंच केलं. कोपराला ना गरम ना गार असं लागलं तेव्हा फडक्यावरचं अर्धं विरजण चुरून आत टाकलं. अर्धं का, तर एकदम सगळं टाकायचा धीर झाला नाही. पिंपावर झाकण ठेवून भोवती दोन जुनी पांघरुणं गुंडाळली. टोर्केल शांत होता. चेहऱ्यावरून तर वाटलं, आतापर्यंत ठीक चाललंय.

संध्याकाळचं दूध काढून ती परत आली तेव्हा चूलघराच्या उंबऱ्याखालून तपकिरी फेस बाहेर येत होता. आत पाहिलं तर झाकण एका अंगावर कललेलं, फेस पिंपाच्या काठावरून दोन्ही बाजूंनी ओघळतोय, पांघरुणं चिकट झालीत आणि जमिनीवर घोटाभर साबणासारखा थर. पिंप आतून असं घरघरत होतं की जवळ जायला भीती वाटावी. विरजण घालून तीन तास झाले होते.

तिने ओडमुंडला हाक मारली. तो आला, दारातच थांबला आणि म्हणाला, "अगं, उकळतेय ही."

"चूल विझलीय. उकळेल कशी?"

"मग तू फार गरम असताना विरजण घातलंस. मी घालतो वीस अंशाला. पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं असतं, वीस. अशी धावत सुटली म्हणजे सगळी चव मरते. गार कर, लवकर."

ओडमुंड दुकानातल्या पाकिटाची बिअर करायचा. ती पाणचट व्हायची हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं, पण त्या घटकेला बोर्गहिल्डला दुसरं कुणी सल्ला देणारं नव्हतं. दोघांनी पांघरुणं सोडली, दार सताड उघडलं. बाहेर उणे बारा होतं. ओडमुंडने दोन फावडी बर्फ आणून पिंपाच्या बुडाशी रचला.

टोर्केलला तिने जेवणासाठी आधीच घरात नेलं होतं. खिडकीतून त्याला उघडं दार दिसत होतं, बर्फ दिसत होता. तो काचेवर डाव्या हाताने धपाधप मारत होता आणि त्याचा तो एकच शब्द अंगणापर्यंत ऐकू येत होता.

"बघ, तोही वैतागलाय," ओडमुंड म्हणाला. "एवढी बिअर वाया गेली म्हणून."

रविवारी सकाळी पिंप गप्प होतं. फेस खाली बसून काठाला त्याचं वाळकं कडं तेवढं राहिलं होतं. बोर्गहिल्डने पळी बुडवून चव घेतली. गोड. नुसतं गोड, काकवीसारखं. ओडमुंडने आणलेली तापमान मोजायची काचेची नळी सोळा अंश दाखवत होती.

"सोळा म्हणजे चांगलं की वाईट?" तिने विचारलं.

"वीस हवं होतं. थोडं जास्तच गार झालं म्हणायचं."

"काल म्हणालास गार कर."

"गार कर म्हणालो. इतकं नव्हतो म्हणालो."

तिच्या डोक्यात तिडीक गेली, पण ओडमुंडला दुखवून चालणार नव्हतं, बर्फ उद्याही ओढायचा होता. तिने चूल पेटवली, दार बंद केलं आणि दिवसभर लाकडं घातली. चूलघरात घाम फुटेल इतकं गरम झालं. संध्याकाळी नळी बुडवली तर सतरा. एवढं थोरलं पिंप, त्याला बाहेरची हवा काय गरम करणार? ओडमुंड म्हणाला ढवळ. तिने ढवळलं. दोन बुडबुडे आले आणि गेले. मग तो म्हणाला, "अजिबात ढवळू नको म्हणतात खरं तर. साखर घाल." साखर तिने घातली नाही. आधीच गोडाने जीभ चिकटत होती.

सोमवारी, म्हणजे खरोखरच्या सोमवारी, टोर्केल चूलघरात ने म्हणून बोट दाखवत हटून बसला. तिने नेलं, चुलीजवळ बसवलं, घोंगडी गुडघ्यांवर घातली. त्याने घोंगडी काढून जमिनीवर फेकली. तिने उचलून परत घातली. त्याने परत फेकली.

"न्यूमोनिया करून घ्यायचाय का तुला? घे म्हणते ना."

"सोमवार."

"हो, सोमवारच आहे. एकदा तरी बरोबर बोललास."

असं चार वेळा झालं. पाचव्यांदा ती घोंगडी उचलायला वाकली तोवर ओडमुंड आला. त्याच्या हातात यीस्टचं पाकीट होतं, दुकानातलं. "हे टाकून बघ. नाहीतर हे सगळं आमच्या डुकरांना जाणार आणि त्यांनाही चढणार."

बोर्गहिल्ड थकली होती. दोन दिवस तिचं जेवणात लक्ष नव्हतं, गोठ्यात लक्ष नव्हतं. तिने पाकीट फोडलं आणि पिंपाकडे वळली, तोच टोर्केल खुर्चीतून अर्धा उठला. एका पायावर तोल सावरत त्याने डावा हात असा फिरवला की पाकीट उडालं आणि यीस्ट सगळं ओल्या फरशीवर पसरलं. तो स्वतःही पडला असता, पण ओडमुंडने काखेत धरलं.

मग मात्र तिचा बांध फुटला.

"हे टाकायचं नाही, ते टाकायचं नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मग काय टाकायचं ते सांग. बेचाळीस वर्षं होती तुझ्याकडे सांगायला. तोंड होतं, जीभ होती, शब्दही होते. संध्याकाळी तासन् तास बसून कुणाच्या घोड्याला काय झालं ते सांगायचास. ही एक गोष्ट सांगितली असतीस तर काय झालं असतं? मी बाहेर उभी, बादल्या घासायला. फरशीवरचा वाळलेला फेस खरवडायला."

आणि ती थांबली, कारण बोलता बोलता तिच्याच कानावर काहीतरी पडलं होतं. फरशीवरचा फेस. दरवर्षी तो असायचा. दरवर्षी ती गुडघ्यांवर बसून तो खरवडायची आणि मनात म्हणायची, किती वेंधळेपणाने काम करतो हा माणूस. म्हणजे ती बिअर दरवर्षीच उतू जात होती. शनिवारी बिघडलेलं काहीच नव्हतं. बिघडवलं ते ओडमुंडने आणि तिने.

हे कळल्यावर राग कमी व्हायचा तो दुप्पट झाला. टोर्केल पुन्हा खुर्चीत बसला होता आणि पायाने ती घोंगडी तिच्याकडे ढकलत होता. "नको ना तुला? नको तर नको," ती म्हणाली. घोंगडी उचलली आणि समोर दिसेल तिकडे भिरकावली. ती पिंपावर जाऊन पडली.

टोर्केलने डोळे मिटले आणि तो मागे टेकला. 

बोर्गहिल्डने घोंगडीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग जवळ जाऊन घोंगडी पिंपाभोवती नीट ओढली आणि विचारलं, "हिला थंडी वाजतेय, असं म्हणत होतास?"

त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. ओडमुंडने टोपी काढली, परत घातली आणि म्हणाला, "मी जातो. लाकडं फोडायचीत."

"तू जा," ती म्हणाली. "आणि ती नळी पण घेऊन जा."

पण नुसत्या घोंगडीने काय होणार? गार पडलेल्याला पांघरूण घातलं तर ते गारच राहतं. इथून पुढचं टोर्केलला सांगता येत नव्हतं आणि घोंगडीसारखी खूणही त्याच्याकडे नव्हती. ती पिंपाशी उभी राहिली आणि तिने जे तिचं स्वतःचं होतं त्याचा विचार केला. चीज. चीजचं दूध मध्येच गार पडलं तर अख्खं भांडं कुणी चुलीवर ठेवत नाही. त्यातलं थोडं काढायचं, तापवायचं, परत ओतायचं. उन्हाळ्यात डोंगरावरच्या गोठ्यात ती हे वयाच्या बाराव्या वर्षापासून करत आली होती. आणि किती गरम? दूध सडातून येतं तेवढं. शनिवारी कोपराला लागलं होतं ते तेवढंच होतं. इतकी साधी गोष्ट. तिच्या रोजच्या हातातली. नुसतं 'ताज्या दुधाइतकं' म्हणाला असता कधी, तर पुरलं असतं.

तिने दोन दोन बादल्या रस काढला, कढईत बोट जेमतेम टेकवता येईल इतका तापवला, आणि धारेने परत ओतला. सात फेऱ्या झाल्या. पाठीत चमक भरली. मध्ये गाईंची वेळ झाली, ती जाऊन दूध काढून आली आणि आठवी फेरी केली. कोपर बुडवलं. आणखी एक फेरी. मग गोठ्यात ठेवलेली मेंढ्यांची कातडी, पांघरुणं, टोर्केलचा जुना ओव्हरकोट, जे मिळेल ते तिने पिंपाभोवती दोरीने बांधलं.

पिंपातलं विरजण जिवंत असेल याची खात्री तिला वाटेना. दोन दिवसांची थंडी त्याने खाल्ली होती. पिठाच्या पेटीत उरलेली अर्धी घडी होती. तीही मेली तर हाउगोंचं विरजण संपलं. खोऱ्यात दुसऱ्या कुणाकडे ते नव्हतं, कारण टोर्केलने कधी कुणाला दिलं नव्हतं. तिने घडी आणून त्याच्यासमोर धरली.

"टाकू?"

"सोमवार."

"हो का नाही?"

त्याने मान हलवली, आधी खालीवर, मग आडवी. तो स्वतःवरच चिडून खुर्चीच्या हातावर मूठ आपटायला लागला.

"राहू दे," ती म्हणाली. "बिघडलं तर माझ्यामुळे बिघडलं असं म्हण. म्हणजे, मनात म्हण."

ह्या वेळी तिने ते थेट पिंपात टाकलं नाही. आधी वाडग्यात कोमट रस घेतला, त्यात अर्धी घडी चुरली आणि वाडगा टोर्केलच्या मांडीवर ठेवून त्याच्या धड हाताने धरवला. तासभर तो वाडग्याकडे बघत बसला होता. फेस वर आला तेव्हा त्याने तिला हाक मारली, त्याच त्या शब्दाने, आणि ह्या खेपेला तिला अर्थ विचारावा लागला नाही. वाडगा पिंपात रिकामा झाला.

मंगळवारी सकाळी तिने पिंपाला कान लावला. काही नाही. दूध काढून येऊन परत लावला. काही नाही. ओडमुंड बर्फ ओढून दारात आला, तिच्या चेहऱ्याकडे पाहून कॉफी न मागताच गेला. दुपारी तिसऱ्यांदा कान लावला तेव्हा आतून बारीक चुरचुर ऐकू आली, मंद आचेवर काहीतरी तळत असल्यासारखी. तिने झाकण उचललं नाही. टोर्केलला खुर्चीसकट जवळ आणलं आणि त्याचं डोकं धरून कान लाकडाला टेकवला. तो बराच वेळ तसाच राहिला. मग त्याने चेहरा वाकडा केला, म्हणजे चालू आहे, पण कमी आहे. निदान तिने तरी तो अर्थ घेतला. तिने आणखी एक पांघरूण बांधलं.

टोर्केलच्या हाताखाली जी बिअर दोन दिवसांत तयार व्हायची तिला सहा दिवस लागले. रोज सकाळसंध्याकाळ बोर्गहिल्ड कोपर घालून बघायची, गार वाटलं तर दोन बादल्या तापवायची. फेस पुन्हा उंबऱ्यापर्यंत कधी आला नाही. सातव्या दिवशी चुरचुर थांबली. चव घेतली तेव्हा कडकपणा होता, घशाखाली ऊब जात होती, पण शेवटी जिभेवर गोडवा रेंगाळत होता. टोर्केलच्या बिअरला तो नसायचा. अजून चालायला हवी होती की संपली होती, दुसऱ्या विरजणामुळे जागी झाली की गरम केल्यामुळे, पहिलं अर्धं मेलं होतं की नुसतं झोपलं होतं, यातलं तिला काहीही कळलं नाही आणि सांगणारं कुणी नव्हतं. तिला ह्याचाच सगळ्यात जास्त वैताग आला. एवढं करूनही नेमकं काय केलं ते समजू नये.

वाढदिवसाला वीस माणसं आली. वाफवलेल्या मेंढीच्या बरगड्या होत्या, बटाटे होते, तूरिदने बर्गनहून केक आणला होता. टोर्केल लाकडी वाडगा डाव्या हाताने धरून प्यायला. निम्मी बिअर स्वेटरवर सांडली, आणि त्याने वाडगा परत पुढे केला.

"बरी झालीय," ओडमुंड ओठ पुसत म्हणाला. "किंचित गोडसर आहे."

"तुझ्यामुळे," बोर्गहिल्ड म्हणाली.

सगळे हसले. ती हसली नाही. ओडमुंडची बायको आस्लाउग मात्र वाडगा संपवून म्हणाली, "आमच्या घरच्या बिअरपेक्षा गोडसर परवडली. ह्या तुझ्या बिअरचं विरजण कसलं असतं गं?"

दुसऱ्या दिवशी पिंप रिकामं झालं तेव्हा बोर्गहिल्डने तळाचा साका तागाच्या फडक्यावर पसरला आणि फडकं चुलीच्या वर दोरीला टांगलं. टोर्केल बघत होता, समाधानाने बघत होता. फडकं वाळल्यावर तिने कात्री घेतली आणि त्याचे तीन तुकडे केले. एक पिठाच्या पेटीत ठेवला, एक तूरिदला कागदात बांधून दिला आणि तिसरा घेऊन ती कोट चढवायला लागली.

टोर्केलला कळलं ती कुठे निघाली ते. त्याने काठी आपटली. शब्द एकामागून एक, तोच तो, चढत्या आवाजात.

"ऐकलं," ती मफलर बांधत म्हणाली. "पण तुझ्या एकट्याच्या डोक्यात ठेवून काय झालं ते आपण बघितलं. आता विरजण आस्लाउगकडे पण राहील. आणि ताज्या दुधाइतकं गरम, हेही मी तिला सांगणार आहे. ओडमुंडला नाही, तिला."

ती अर्ध्या तासाने परत आली तेव्हा त्याने खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली होती. दोन दिवस त्याने तिच्याकडे पाठ केली. जेवणही तसंच भिंतीकडे तोंड करून जेवला. तिने त्याची मनधरणी केली नाही, तिचंही अजून सगळं निवळलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याची दाढी करायची होती. तिने गरम पाणी, साबण आणि वस्तरा आणून टेबलावर ठेवला आणि खुर्चीशेजारी उभी राहिली. मग त्याने डाव्या पायाने जमीन ढकलत खुर्ची हळूहळू वळवली आणि हनुवटी वर केली.